आधी पावतीपुस्तक टेबलावर ठेवा



अध्यक्षाने शेवटी उठायचे, सगळ्यांचे आभार मानायचे आणि कोणालाही न दुखावता खाली बसायचे, हा आपल्याकडचा शिरस्ता. आज तो मी मोडणार आहे. सकाळपासून या माईकवर एकच गोष्ट फिरून फिरून सांगितली गेली, की शेतकऱ्यांच्या संघटना बाहेरच्यांनी नासवल्या. टाळ्याही पडल्या. मला हे म्हणणे साफ नामंजूर आहे.

बाहेरचे म्हणजे कोण? याच कल्याण तालुक्यात, टिटवाळ्याला, ७ जानेवारी १९४५ रोजी महाराष्ट्रातल्या किसान सभेचे पहिले अधिवेशन भरले. त्यामागे होते शामराव आणि गोदावरी परुळेकर. गोदावरीबाई पुण्याच्या, कायद्याची पदवी घेतलेल्या. ना वारली, ना आगरी, ना कुणबी. त्यांच्या साथीने उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगार झुगारली. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळ्यांनी पाच आदिवासी गेले. तेव्हा जमीनदार आणि गोरे सरकार काय म्हणत होते? हेच, की बाहेरच्यांनी फूस लावली! शेतकरी संघटना उभारणारे शरद जोशी तर स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून आंबेठाणला जमीन कसायला आले. तुमची चाळणी लावली, तर हे सगळे उडतात आणि उरतात फक्त गावचे पाटील-सावकार.

आता घरच्यांकडे पाहा. १ जून २०१७ ला पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला. दूध, भाजी शहरात जाईना. असा संप या राज्याने पाहिला नव्हता. आणि दोनच दिवसांत, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईत मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावरून संप मागे घेतल्याची घोषणा झाली. ती करणारे बाहेरचे नव्हते, शेतकरीच होते. पण रस्त्यावर बसलेल्यांना कोणी विचारले होते? सकाळी गावोगावचे शेतकरी भडकले, नाशिकला वेगळी सुकाणू समिती करावी लागली, ११ जूनला पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि २४ जूनला ३४ हजार कोटींच्या कर्जमाफीची घोषणा झाली. पहाटेच्या तडजोडीवर सगळे गप्प राहिले असते, तर?

याच्या उलट मार्च २०१८. नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च आपल्याच जिल्ह्यातून, कसारा-शहापूर-भिवंडी-ठाणे असा चालत गेला. सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने त्यात शहरी माओवाद शोधला. अहो, शोधायचे काय त्यात? लाल बावटा हजारोंच्या खांद्यावर उघड फडकत होता. पक्ष कोणता, नेते कोण, मागण्या काय, सगळे उन्हात. तो पक्ष मला पटतो की नाही हा प्रश्न वेगळा. पण त्यांनी सरकारकडून लेखी आश्वासन घेतले, म्हणून ते पाळले गेले नाही तेव्हा तोच कागद घेऊन पुन्हा निघता आले. २०२३ चा मोर्चा वाशिंदपर्यंत चालत आला, तो त्या कागदाच्या बळावर. पहाटेच्या कानगोष्टीच्या बळावर कोण चालेल?

मला भीती बावट्याची नाही. भीती आहे ती ज्याचा बावटा दिसत नाही त्याची. आपल्या कल्याण-अंबरनाथ पट्ट्यात तो परदेशातून येत नाही, बिल्डरच्या ऑफिसातून येतो. नेवाळीची जमीन इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतली, ती परत आली नाही. २२ जून २०१७ ला तिथे आंदोलन पेटले, गाड्या जळल्या, माणसे जखमी झाली, गुन्हे गावकऱ्यांवर लागले. त्या जमिनीवरचा गावांचा हक्क मी मानतो. म्हणूनच सांगतो, महामार्ग असो, कॉरिडॉर असो की विमानतळ, जिथे जिथे संघर्ष समिती उभी राहते, तिथे तिच्या पुढाऱ्याच्या खिशात कोणाचे साठेकरार आणि कुलमुखत्यारपत्रे आहेत, हे गावाला आधी कळले पाहिजे. दिवसा ‘एक इंचही देणार नाही’ आणि रात्री भावाची घासाघीस, याला चळवळ म्हणत नाहीत, दलाली म्हणतात.

म्हणून समित्यांचा हिशेबही उघडा हवा. कोणी म्हणेल, तो उघडा केला तर सरकार त्याचाच फास करील. भीती खोटी नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या पंजाबच्या भारतीय किसान युनियन (एकता उग्राहां) या संघटनेला तिच्या बँकेने परदेशी देणग्यांवरून विचारणा केली होती. पण झाकलेला हिशेब हाच बदनामी करणाऱ्याला सर्वांत सोयीचा. मोहोन्याच्या एनआरसी कारखान्यात ज्यांची हयात गेली, ते इथे बसलेत. त्यांना विचारा. १९२६ च्या कायद्याने नोंदणीकृत कामगार संघटनेला दरवर्षी तपासलेला हिशेब निबंधकाकडे द्यावा लागे. त्याच कायद्याने कार्यकारिणीत बाहेरच्यांनाही मर्यादेत जागा दिली होती. म्हणजे बाहेरचा चालत होता, बेहिशेबी चालत नव्हता. आपल्या समित्यांची बहुधा नोंदणीही नसते. मग निबंधक कोण? गाव!

म्हणून हा ठराव मी सभेपुढे ठेवतो.

एक, प्रत्येक समितीने जमाखर्च दरवर्षी गावात वाचावा, पाच हजारांवरील देणगी देणाऱ्याच्या नावासकट.

दोन, वाटाघाटीला जाणारी माणसे गावाने नेमावीत आणि मसुदा गावात वाचल्याशिवाय कोणी सही करू नये.

तीन, पदाधिकाऱ्याने स्वतःचे व घरच्यांचे जमिनीचे व्यवहार आणि पक्षातले पद लेखी जाहीर करावे. खोटे निघाले, तर पद गेले.

आवाजी मतदान मी घेणार नाही. हात वर करा, मोजू द्या, आणि विरोधातल्यांची नावे इतिवृत्तात येऊ द्या. ज्याला हरकत असेल त्याने इथे येऊन कारण सांगावे, माईक सोडून मी बाजूला उभा राहतो. फक्त ‘हा बाहेरच्यांचा डाव आहे’ एवढे कारण आज ऐकून घेतले जाणार नाही.