खामगावचा 13 किलोमीटरचा फाटा

मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही गावे त्याच्या वाटेवर आली. वऱ्हाडातली कापसाची मोठी पेठ असलेले खामगाव मात्र जलंबच्या दक्षिणेला सुमारे 13 किलोमीटर बाजूलाच राहिले.

या पेठेचे दिवस सातासमुद्रापलीकडच्या लढाईने पालटले होते. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालले. दक्षिणेकडच्या राज्यांची बंदरे अडवली गेली, लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. युद्ध संपताच तो उतरला. पेठ मात्र टिकली.

खरी अडचण होती त्या 13 किलोमीटरची. शेताशेजारून पाट भरून वाहावा आणि बारे न फोडल्याने वाफा कोरडाच राहावा, तशी खामगावची गत झाली. कापूस वजनाला हलका, पण बंडी काठोकाठ भरून वर ढीग होतो. वाटेत तो बाभळीच्या काट्यांना लागतो, धुळीने मळतो. अवकाळी पाऊस आला तर काळ्या मातीत चाक रुतते आणि बैलांना दुसरी जोडी लावावी लागते. पाटाचे बारे फुटले ते 1870 मध्ये. जलंब-खामगाव फाटा सुरू झाला तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. पाणी वाफ्यात शिरले. दाबून बांधलेल्या गाठी खामगावातच डब्यात चढू लागल्या.

बंडीचे हे पुन्हा सांगणे भाग आहे, कारण या फाट्याची गोष्ट लॉर्ड मेयोंच्या नावापाशीच थांबवली जाते. रूळ आल्यावरही शेतापासून पेठेपर्यंत कापूस बंडीनेच येत होता. गाडीवान, तोलणारा मापारी, गाठी वाहणारा हमाल यांच्यावाचून तो फाटा रिकामाच धावला असता. जिल्ह्याच्या इतिहासात त्यांना जागा न देणे बरे नव्हे. घरोघरच्या म्हाताऱ्यांना ठाऊक असलेल्या बंडीवाटा तरी आता विचारून लिहून ठेवाव्यात.

खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते; बुलडाण्यात आले 1905 मध्ये. हा फाटा पुढे जालन्याला जोडावा ही मागणीही जुनीच आहे. दक्षिणेकडे घाट चढून चिखली, देऊळगाव राजा या बाजूने