उद्योगशिक्षणाची वास्तू
(मंडळाच्या जयनगर येथील सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी सभेत आपण आम्हांस बोलावयास सांगितलेत, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. व्यवसायाने आम्ही वास्तुरचनाकार. म्हणून मुलांना हातांचे उद्योग जेथे शिकवावयाचे, त्या शाळेच्या इमारतीविषयी चार शब्द बोलणार आहोत.

आरंभ स्वतःच्या चुकीपासून केलेला बरा. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेचा आराखडा केला. वर्ग, ग्रंथालय, कचेरी यांची सोय लावून उरली ती जागा सुतारकामास दिली : दुसरा मजला, पश्चिमेची बाजू. शाळा भरू लागल्यावर कळले की, बारा फुटी फळी जिन्याच्या वळणावर अडते. शिक्षक ती अंगणातच कापवून घेत आणि तुकडे वर नेत. अखंड फळी न्याहाळावी, गाठी कोठे आहेत ते पाहावे, कोठे कापल्यास नासधूस कमी होईल ते ठरवावे, हाच तर सुतारकामाचा पहिला धडा! आमच्या जिन्याने तो मुलांपासून हिरावून घेतला. शिवाय खाली गणिताचा तास आणि वर हातोडे!

तेव्हापासून आम्ही कार्यशाळेची जागा प्रथम ठरवतो. ती तळमजल्यावर असावी. मालाची गाडी थेट दाराशी यावी. उजेड उत्तरेचा घ्यावा. तो दिवसभर बराचसा सारखा राहतो आणि डोळे दिपवीत नाही. यंत्राशी उभ्या असलेल्या मुलास जाणाऱ्यायेणाऱ्याचा धक्का लागू नये इतकी मोकळी जागा भोवती हवी आणि वीज तोडण्याचा खटका हाताशी हवा. भुसा उडतो तेथेच तो ओढून घेण्याची योजना असावी. अर्धवट राहिलेले काम ठेवावयास फडताळे हवीत. मुलाला आपले स्टूल पुढच्या आठवड्यात जसेच्या तसे सापडले पाहिजे.

परंतु इमारत स्वतःच धडा होऊ शकते, हे आम्ही पुणे जिल्ह्यातील पाबळकडून शिकलो. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होते. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली अवर्षणग्रस्त पाबळ गावी विज्ञान आश्रम उभारला. तेथील मुले जोडकाम, बांधकाम, वीज, शेती हे सारे प्रत्यक्ष काम करीत शिकतात. लोखंडी त्रिकोण एकमेकांस जोडून सांगाडा करावयाचा आणि त्यावर जाळी व सिमेंटचे पातळ कवच चढवावयाचे, अशा रीतीने तेथे घुमट उभे राहिले. एका त्रिकोणाची बाजू चुकली तर शेजारचा त्रिकोण बसत नाही. भूमितीची याहून कडक परीक्षा कोणती? कलबाग २००३ साली निवर्तले. आश्रमाचे काम चालू आहे.

हा विचार बंगळूरला परका नाही. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यास घेतले आणि १९१७ साली येथे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू करविले. पुढे १९४३ साली त्यांच्याच पुढाकाराने धंदेशिक्षणाची एक संस्था निघाली. ज्या जयचामराजेंद्र महाराजांच्या नावावरून आपल्या जयनगरास नाव पडले असे सांगतात, त्यांचेच नाव तिलाही आहे. पुण्याने दिलेली विद्या या नगरात अशी फळास आली.

आणि आपण? आपल्यापैकी कित्येकांच्या घरची चूल कारखान्याच्या भोंग्यावर पेटली. तरीही "अभ्यास केला नाहीस तर गवंडी होशील," असा धाक आपण मुलांना घालतोच. पालकांच्या मनात जे मागच्या दाराशी असते, तेच शाळेच्या आराखड्यातही मागच्या दाराशी जाते. आमचा दुसरा मजला केवळ आमच्या कागदावर चुकला नव्हता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावे, असे त्यात म्हटले आहे. ते दिवस नीट पार पडावयाचे तर जागा हवी. म्हणून एकच विनंती. मुलाचे नाव घालावयास जाल तेव्हा संगणकाची खोली पाहून परतू नका. "कार्यशाळा कोठे आहे?" असे विचारा, आणि तेथपर्यंत फळी जाते कशी, तेही पाहा.