यजमान आणि पाहुणे

मी कवितेचा माणूस. बी.ए. केलं आणि हिंगणघाटातच राहिलो. २००३ साली एक संगणक घेतला. सात-आठ वर्षं कविता त्यातच लिहिल्या. पुढे तो बंद पडला नि माळ्यावर गेला. अम्मी गेली तेव्हाची कविताही त्यातच होती. कागदावर प्रत नव्हती.

यंदा ईदला मुलगा पुण्याहून आला. त्याने जुनी डिस्क काढून लॅपटॉपला जोडली. फाइल मिळाली, पण अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं. फाँट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा, आणि त्याचं सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालेना. "अब्बा, जुना संगणकच नव्याच्या पोटात उभा करू," तो म्हणाला.

याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खरं यंत्र ते होस्ट, म्हणजे यजमान. त्यात राहणारी आभासी यंत्रं गेस्ट, म्हणजे पाहुणे. यजमान आपली स्मृती नि प्रोसेसर पाहुण्यांना वाटून देतो. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम ही सोय २००७ मध्ये आली. मोठ्या डेटा सेंटरमध्ये एकेका सर्व्हरवर असे डझनावारी पाहुणे असतात. त्या सर्व्हरपुढे बहुधा पडदाही नसतो. दूर बसलेला माणूस नेटवर्कवरून आज्ञा टाइप करतो. एकदा लिहिलेल्या आज्ञा शेकडो यंत्रांवर चालवता येतात.

मुलगा 'विर्श' नावाचं साधन वापरत होता. 'लिस्ट' म्हटलं की चालू पाहुण्यांची यादी येते. 'स्टार्ट' म्हटलं आणि आमचा जुना संगणक पडद्यावर जागा झाला. मी कवितेपर्यंत पोचलो, तोच तो अडकला. मुलाने 'शटडाऊन' दिलं. काही हललं नाही. मग त्याने 'डिस्ट्रॉय' टाइप केलं. मी त्याचा हात धरला.

तो हसला. म्हणाला, "अब्बा, शटडाऊन ही विनंती आहे, पाहुणा ऐकेलच असं नाही. डिस्ट्रॉय म्हणजे फक्त प्लग ओढणं. न साठवलेलं जाऊ शकतं, पण डिस्कची फाइल जागेवर राहते. आणि मी तिची प्रत आधीच काढलीय." 'अनडिफाइन' म्हटलं तर यजमान पाहुण्याची नोंद पुसतो, तेव्हाही डिस्क आपोआप जात नाही, ती पुसायला वेगळं सांगावं लागतं.

शब्दांवर जगणाऱ्या मला एका शब्दाने घाम फुटला होता.

पुन्हा 'स्टार्ट'. कविता उघडली. मी वही घेतली नि ती ओळ-ओळ उतरवून काढली. दोन शब्द आज बदलावेसे वाटले, बदलले नाहीत.

आपल्या घरी जुना संगणक असेल तर भंगारात देण्याआधी त्याची डिस्क तेवढी काढून ठेवा.