मुलाखतीतील उणिवेचा प्रश्न व चौथे शील

(आश्विन पौर्णिमेच्या सभेत केलेले भाषण)



आज वर्षावासाची समाप्ती. या दिवशी भिक्खुसंघ पवारणा करतो. माझ्या ठिकाणी काही दोष दिसला वा ऐकिवात आला असेल तर तो सांगावा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. आपला दोष ऐकून घेण्यात ज्या धम्माने कमीपणा मानला नाही, त्या धम्माच्या उपासकांची मुले नोकरीच्या मुलाखतीत मात्र एका प्रश्नापाशी अडखळतात. तो प्रश्न असा : "तुमच्यातील एखादी उणीव सांगा."

काही तरुण पढविलेले उत्तर देतात : "मी फार परिश्रम करतो, हाच माझा दोष." हे गुणालाच दोष म्हणून पुढे करणे होय. असत्य न बोलण्याचे शील घेतलेल्यास ते शोभत नाही. आणि अनेक उमेदवार पाहिलेल्या मंडळाला ते कळल्यावाचून राहत नाही.

दुसरी चूक अधिक घातक आहे, आणि ती मी स्वतः केली आहे. कायद्याची पदवी घेऊन मी एका कचेरीत मुलाखतीस गेलो, तेव्हा या प्रश्नाला उत्तर म्हणून मी आमची वस्ती, घरचे दारिद्र्य व आईवडिलांचे निरक्षरपण सांगितले. मंडळाने सहानुभूतीने मान हलविली. पण त्यानंतर कायद्याविषयी एकही प्रश्न विचारला नाही. बाहेर आल्यावर मला उमगले की, मी माझ्या जन्मालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. नागपूरला 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी आपल्याला ज्या विचारातून मुक्त केले, तोच विचार माझ्या तोंडून बोलत होता!

मग उणीव म्हणजे काय? जी माझ्या वागण्यात आहे व माझ्या प्रयत्नाने दूर होऊ शकते, ती. भगवान बुद्धांनी राहुलास हेच शिकविले : कर्म करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर ते तपासावे, चूक आढळल्यास जाणत्यापुढे उघड करावी व पुढे संयम पाळावा. उत्तराचा क्रमही हाच असावा. एखाद्या मुलीने म्हणावे : "इंग्रजी लिहिताना मला अडचण येत नाही, बोलताना मी अडखळते. म्हणून रोज अर्धा तास मोठ्याने वाचन करते. पूर्वीपेक्षा भीती कमी झाली आहे." मात्र हे तिच्या बाबतीत खरे असले पाहिजे.

सत्य बोलणे म्हणजे सर्व दोषांची यादी वाचणे नव्हे. साक्षीदार विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. एक उणीव विचारली, एकच सांगावी.

राखीव जागेवरून आलो, हीदेखील उणीव समजू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद 16 ने सरकारी नोकरीत समान संधी दिली, जातीवरून भेदभावास मनाई केली आणि राखीव जागांना आधार दिला. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळण्यास 1990 साल उजाडावे लागले. इतक्या वर्षांनी मिळालेला हक्क मान खाली घालून सांगावयाचा नसतो. खाजगी मालकाला अनुच्छेद 16 थेट लागू होत नाही. तेथे तर आपली योग्यता नीट मांडणे अधिकच अगत्याचे आहे.

मातापित्यांना एवढीच विनंती : "आपल्यासारख्यांना कोण घेणार?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. मुलाला त्याची चूक अवश्य दाखवा. पण त्याचा जन्म ही त्याची चूक नाही, हेही त्याला सांगा.

नमो बुद्धाय! जय भीम!