बंब पेटवण्यापूर्वी

नागपूर म्हटले की उन्हाळा आठवतो. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी याच शहरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा थंडीत महालातल्या जुन्या घरांना आधार असे तो परसातल्या तांब्याच्या बंबाचा. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान असो की फजरच्या नमाजाआधीची वजू, गरम पाणी त्याचेच.

ज्यांच्याकडे बंब अजून आहे, त्यांनी तो दिवाळीआधीच तयार करावा. मधल्या नळीतली काजळी काठीला चिंधी बांधून काढावी, जाळीतली जुनी राख झाडावी. मग पाणी भरून रात्रभर ठेवावे. सकाळी खाली ओल दिसली, तर सांध्याला डाग देऊन घ्यावा. रिकामा बंब कधी पेटवू नये, सांधे सुटतात. सरपण वाळलेलेच हवे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बंबाची जागा. थंडी शिरू नये म्हणून आपण न्हाणीघराचे दार-खिडकी घट्ट लावतो. आत आग असेल आणि हवा कमी पडली, तर कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर डोळ्यांत पाणी आणून सावध तरी करतो. हा वायू गुंगी आणतो आणि जीव घेतो. बंद न्हाणीघरातला गॅस गिझरही तितकाच घातक ठरू शकतो.

हमाम हा अरबी शब्द उष्णतेवरूनच आला. जुन्या हमामांत भट्टी वेगळी असे, न्हाणारा वेगळ्या दालनात. आपणही बंब अंगणात पेटवावा, पाणी बादलीने आत न्यावे आणि झरोका उघडा ठेवावा. थोडी थंडी लागेल, तेवढी सोसावी.