यादीत नाव आहे, स्टेज नाही: स्मॅश ब्रदर्सच्या पोटात काय काय उरलं

आज फायटिंग गेमवर बोलायचंय. पण कुठलं कॅरेक्टर भारी आणि कुठला कॉम्बो मारायचा, यावर नाही. मारामारी ज्या जागेवर होते त्या जागेवर, म्हणजे स्टेजवर. आणि त्यातही अशा स्टेज, ज्या गेममध्ये कुठेतरी आहेत, पण तुम्हाला कधीच निवडता येत नाहीत.

गेम आहे निन्टेन्डोचा 'सुपर स्मॅश ब्रदर्स'. पहिला भाग २१ जानेवारी १९९९ला जपानमध्ये आला, निन्टेन्डो ६४वर. बनवला एचएएल लॅबोरेटरीने, डिरेक्टर मासाहिरो साकुराई. याची सुरुवात तर मारिओशिवायच झाली होती. 'ड्रॅगन किंग' नावाचा प्रोटोटाइप होता, त्यात कुणीही ओळखीचं पात्र नव्हतं. प्रोग्रामिंग करत होते सातोरू इवाता, जे पुढे निन्टेन्डोचे प्रेसिडेंट झाले. स्टेजच्या मागे चक्क एक फोटो लावलेला होता. एचएएलचं ऑफिस ज्या र्‍यूओ गावात होतं, तिथलाच.

आता मुद्द्याकडे येऊ. 'लपलेली स्टेज' म्हटलं की आपण सगळं एकाच पोत्यात भरतो. प्रत्यक्षात हे तीन वेगवेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार: वापरलेली, पण निवडता न येणारी स्टेज. पहिल्या स्मॅशमध्ये शेवटी मास्टर हँड नावाचा एक भलामोठा पंजा येतो. त्याच्याशी तुम्ही 'फायनल डेस्टिनेशन'वर लढता. मेटल मारिओशी लढता 'मेटा क्रिस्टल'वर. पण मित्रासोबत खेळताना या दोन्ही स्टेज यादीत नाहीत. तिथे जायचं तर लोक गेमशार्क वापरायचे. गेमशार्क म्हणजे कार्ट्रिज आणि कन्सोल यांच्यामध्ये बसणारं एक यंत्र, जे मेमरीतला ठरावीक आकडा बदलतं. 'आता कुठली स्टेज उघडायची' हा गेमसाठी शेवटी एक नंबरच असतो. तो बदलला की बिचारा गेम मुकाट्याने दुसरी स्टेज उघडतो.

दुसरा प्रकार: तयार केलेली, पण कुठेच न वापरलेली स्टेज. याच कार्ट्रिजमध्ये ड्रीम लँडच्या दोन जास्तीच्या स्टेज आहेत. फॅन्स त्यांना बीटा १ आणि बीटा २ म्हणतात. कोड टाकला की त्या उघडतात आणि तुम्ही तिथे उभं राहून खेळू शकता. इथे पुरावा पक्का आहे, कारण वस्तूच समोर आहे.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. त्यासाठी दुसऱ्या भागाकडे जाऊ. 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली', २००१, गेमक्यूब. याच्या डिस्कवर डेव्हलपर लोकांचा डीबग मेनू तसाच राहिलाय. अ‍ॅक्शन रिप्लेच्या कोडने तो उघडतो आणि त्यात स्टेजची एक यादी आहे. नावं ऑफिसातली, आपल्यासाठी नाहीत. फाउंटन ऑफ ड्रीम्सचं नाव तिथे 'इझुमी', जपानीत झरा. जुन्या ड्रीम लँडचं नाव 'ओल्ड पुपुपु', कारण जपानमध्ये त्या जागेला पुपुपु लँड म्हणतात. 'टेस्ट' नावाची एक स्टेज आहे. ती उघडते, खेळताही येते, पण ती खेळाडूंसाठी नव्हतीच.

आणि याच यादीत एक नाव आहे: 'अकानेइया'. ते निवडलं की गेम सरळ क्रॅश होतो.

अकानेइया म्हणजे 'फायर एम्ब्लेम'च्या १९९०च्या पहिल्या गेममधला खंड. त्याचा नायक मार्थ. मेलीमध्ये मार्थ आहे, रॉय आहे, पण फायर एम्ब्लेमची एकही स्टेज नाही. तेव्हा ही मालिका जपानबाहेर विकलीच जात नव्हती. या दोघांमुळे बाहेर कुतूहल वाढलं आणि २००३मध्ये अमेरिकेत पहिला फायर एम्ब्लेम आला. त्यांना स्मॅशमध्ये स्वतःची स्टेज मिळाली ती थेट २००८च्या 'ब्रॉल'मध्ये.

आता 'डिस्कवर लपलेली फायर एम्ब्लेमची स्टेज!' असा थंबनेल करणं अगदी सोपं आहे. पण डिस्कवर आहे फक्त नाव. त्यामागे फाइल नाही, म्हणून तर क्रॅश होतो. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे लहानपणी टीव्ही गेम होता, त्यांना '९९९९-इन-१' लिहिलेली पिवळी कॅसेट आठवेल. यादी संपता संपत नव्हती, आणि आत मोजकेच गेम नावं बदलून फिरत होते. यादी म्हणजे वस्तू नव्हे, हे आपल्या पिढीला खरं तर पाचवीतच कळलंय!

मग नाव काढून का टाकत नाहीत? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तर तिथलं सांगतो. यादीतल्या प्रत्येक गोष्टीला नंबर असतो. मधली एक ओळ उडवली की पुढचे सगळे नंबर सरकतात आणि जो कोड जुन्या नंबरवर अवलंबून आहे तो मोडतो. डेडलाइन डोक्यावर असताना हा उद्योग कुणी करत नाही. मेलीची डेडलाइन तर किती घट्ट होती बघा: शेवटी इवाता स्वतः निन्टेन्डोची मोठी खुर्ची सोडून एचएएलमध्ये जाऊन बसले आणि तीन आठवडे बग काढत होते. अशा वेळी यादीतलं एक मेलेलं नाव कोण साफ करणार?

माझ्या आधीच्या एका टीममध्ये असंच झालं. एका सहकारी मुलीने सहा आठवडे खपून एक फीचर बनवलं. रिलीजच्या तोंडावर ते वरून रद्द झालं. कोड काढला, पण यादीतला नंबर तसाच राहिला. पुढे ती नोकरी सोडून गेली. वर्षभराने नव्या मुलाने विचारलं, 'हा सात नंबर कशाला आहे?' मीटिंगमध्ये कुणालाच सांगता येईना. सहा आठवड्यांचं काम, आणि उरलं काय? एक आकडा. ती गप्पच निघून गेली होती. तिने काय केलं होतं, हे अप्रेझलच्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

म्हणून मला हे खोदकाम करणारे लोक आवडतात. मेलीचा कोड ओळीओळीने उलगडणारी मंडळी आजही कामात आहेत, फुकटात, रात्री जागून. पण त्यांची शिस्त आपणही पाळायला हवी. पुढच्या वेळी 'कापलेली स्टेज सापडली' असा व्हिडिओ आला की तीन प्रश्न विचारा: ती उघडते का? गेममध्ये इतर कुठे वापरली आहे का? की नुसतं नाव आहे? नाव एवढंच सांगतं की कुणीतरी हा विचार केला होता. का सोडला, ते नाव सांगत नाही. ती गोष्ट आपण रचायची नाही.

आणि कोड लिहिणाऱ्यांनो, एक काम करा. काही काढून टाकलंत तर शेजारी एका ओळीची कमेंट लिहा: काय होतं, कुणी केलं, का काढलं. दोन मिनिटं लागतात.

तुम्हाला कुठल्या गेममध्ये असं काही सापडलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पण आधी ते तीन प्रश्न, हां! भेटू पुढच्या भागात.