हॉलंडमधला बिशप आणि त्याचा सोबती
(महिला मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



नेदरलँड्समधल्या नाताळाविषयी बोला, असं तुम्ही सांगितलंत. मी तिथे परिचारिका म्हणून तीन हिवाळे काढले. पण तिथली मुलं २५ डिसेंबरपेक्षा ५ डिसेंबरची वाट जास्त पाहतात. ती संध्याकाळ सिंटरक्लासची, म्हणजे मायराचा बिशप संत निकोलस याची. सांताक्लॉज हे नाव त्याच्यावरूनच आलं. नोव्हेंबरच्या मध्यावर तो आगबोटीने येतो, म्हणे स्पेनहून! लाल झगा, बिशपची उंच टोपी, पांढरा घोडा. मुलं रात्री बूट काढून ठेवतात आणि त्यात घोड्यासाठी गाजर. सकाळी गाजर गेलेलं असतं, जागी दालचिनी-लवंगेची बारीक बिस्किटं, नाहीतर आपल्या नावाच्या पहिल्या अक्षराचं चॉकलेट.

मोठी माणसं चिठ्ठ्या टाकतात. ज्याचं नाव येईल त्याला भेट द्यायची, सोबत कविता करायची आणि खाली सही सिंटरक्लासची! कवितेत त्या माणसाची थट्टा असते आणि ती त्यानेच मोठ्याने वाचायची. माझ्या कवितेत मी घरातसुद्धा दोन स्वेटर घालते, हे होतं. कोणी लिहिली ते अजून कळलेलं नाही.

आता त्याच्या सोबत्याविषयी. १८५० मध्ये यान स्केंकमन नावाच्या शिक्षकाने मुलांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात संताबरोबर एक काळा नोकर दाखवला. तेव्हा डच सुरिनाममध्ये गुलामगिरी चालू होती. ती १८६३ मध्ये बंद झाली. पुढे त्या नोकराला ‘काळा पीट’ नाव पडलं. गोरी माणसं तोंडाला काळा रंग, ओठांना लाली, कुरळ्या केसांचा टोप आणि कानात सोनेरी बाळ्या घालून पीट होत. धुराड्यातून येतो म्हणून काळा, असं मला समजावलं गेलं. काजळीने कानात बाळ्या येत नाहीत.

माझ्या वॉर्डमधली एक बहीण मूळ सुरिनामच्या घराण्यातली. तिच्या आठ वर्षांच्या मुलाला त्या दिवसांत वर्गात ‘पीट’ म्हणत. कुणी वाईट हेतूने नाही, लाडानेच! आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगला ‘आदिवासी नृत्य’ म्हणून मुलांची तोंडं काळी करतात, कमरेला पानं बांधतात, आणि समोर पाड्यावरची मुलं बसलेली असतात, तेव्हाही हेतू वाईट नसतो.

तिथे या प्रथेविरुद्ध वर्षानुवर्षं निदर्शनं झाली. २०११ मध्ये डॉर्ड्रेख्टला निषेधाचे टी-शर्ट घातलेल्यांना पोलिसांनी पकडलंही. ‘आमच्या मुलांचा सण काढून घेऊ नका’ अशी ओरड दुसऱ्या बाजूने होती, आणि ती ओरड करणारे बरेचसे साधे, मायाळू लोक होते. २०१९ मध्ये आपेलडोर्नहून राष्ट्रीय मिरवणूक टीव्हीवर दाखवली, त्यात पीटांच्या गालांवर काजळीचे फक्त चारदोन फराटे होते.

ती मिरवणूक आम्ही त्या बहिणीच्या घरी पाहिली. आम्ही दोघी पडद्यावरचे चेहरे निरखत बसलो होतो. तिचा मुलगा मात्र अर्ध्यातच उठला आणि बुटात ठेवायला गाजर शोधत स्वयंपाकघरात गेला.